मोहरा देऊन प्यादी घ्यावीत काय?

भिंगारच्या कॅम्पालगतच्या मैदानांवर हिवाळा सुरू झाला की टेनिस चेंडूचे सामने भरू लागतात. एके काळी या सामन्यांतील संघ गल्लीचे, आळीचे किंवा तालमीचे असत. आज त्यांनाही ‘मालक’ लाभले आहेत आणि खेळाडूंवर बोली लावण्याची रीत गावोगाव रूढ झाली आहे. या बोलीच्या निमित्ताने दरवर्षी एक वाद हटकून निघतो. संघात एक नावाजलेला फटकेबाज आहे, त्याच्या एकट्याच्या पायी निम्मी थैली रिकामी होते. तो दुसऱ्यास देऊन त्याच्या बदल्यात दोन-तीन होतकरू पोरे घ्यावीत की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा तो वेडेपणा ठरेल? चहाच्या टपरीवर या प्रश्नाचा निकाल चटकन लागतो. वस्तुतः तो तितका सोपा नाही. या प्रश्नाची कसोटी पाहणारे भारतीय खेळातील एक ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या खेळाडूच्या बाबतीत घडलेले असल्याने त्याचा जमाखर्च आपण तरी नीट मांडून पाहावयास हवा.

अजिंक्य रहाणे याचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे ६ जून १९८८ रोजी झाला. त्याचे बालपण आणि त्याचा खेळ डोंबिवलीत वाढला हे खरे असले, तरी अहिल्यानगर जिल्ह्याने, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगरने, त्याला नेहमीच आपला मानले. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०११ पासून त्याचे नाव राजस्थान रॉयल्सशी जोडले गेले होते. मधली दोन वर्षे त्या संघावर बंदी होती. तो काळ वगळता तो त्याच संघाकडून शंभरएक सामने खेळला आणि २०१८ साली संघाचा कर्णधारही झाला. २०१९ च्या हंगामाच्या मध्यावर ते कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडे देण्यात आले. त्यानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत याच रहाणेने जयपूर येथे दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा काढल्या. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने त्याला त्याच दिल्लीच्या स्वाधीन केले. मोबदल्यात आले ते दोन फिरकी गोलंदाज, २६ वर्षांचा राहुल तेवतिया आणि २२ वर्षांचा मयंक मार्कंडे. एक प्रस्थापित फलंदाज देऊन दोन होतकरू घेतले, असा हा सरळ सौदा होता.

राजस्थानच्या चालकांचा हिशेब काय असावा, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. रहाणे ३१ वर्षांचा झाला होता. त्याची फलंदाजी देखणी, परंतु वीस षटकांच्या खेळाची गती दरवर्षी वाढत होती आणि त्या मानाने तो संथ ठरू लागला होता. जोस बटलर, संजू सॅमसन, स्मिथ, स्टोक्स अशी नामवंतांची फळी संघात असताना वरच्या क्रमांकावरील एक जागा त्याने अडवून धरली आहे, असे चालकांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. खेळाडूचे मोल ओसरू लागण्याच्या किंचित आधी त्याला विकावे, हे व्यापाराचे जुनेच सूत्र आहे. कांद्याचा व्यापार करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ते कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पहिल्या वर्षाच्या खतावणीकडे पाहिले तर हा सौदा दिल्लीस पूर्णपणे लाभला, असेच कोणीही म्हणेल. २०२० सालची स्पर्धा महामारीमुळे संयुक्त अरब अमिरातीत झाली. तीत दिल्लीने प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि राजस्थानचा संघ आठव्या, म्हणजे अगदी शेवटच्या, क्रमांकावर फेकला गेला. परंतु वार्षिक परीक्षेच्या एकूण गुणांवरून एका विषयातील प्रगती ठरवू नये, हे शिक्षकमंडळींना सांगावयास नको. दिल्लीला अंतिम फेरीपर्यंत पोहोचवले ते शिखर धवनच्या ६१८ धावांनी आणि कागिसो रबाडाच्या ३० बळींनी. रहाणेच्या वाट्याला नऊ सामने आले आणि त्यांत त्याने ११३ धावा केल्या. त्यांपैकी ६० धावा २ नोव्हेंबर २०२० रोजी बंगळुरूविरुद्धच्या एकाच सामन्यात निघाल्या. त्या विजयाने दिल्लीचे गुणतक्त्यातील दुसरे स्थान पक्के झाले, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पुढील वर्षी त्याला दोनच सामने मिळाले. ज्याला घेण्यासाठी दोन माणसे दिली त्याला बाकावर बसवावयाचे, हा दिल्लीचा व्यवहार शहाणपणाचा होता असे म्हणवत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजाच्या मैदानावर पंजाबने राजस्थानपुढे २२४ धावांचे लक्ष्य ठेवले होते. तेवतियाला बढती देऊन चौथ्या क्रमांकावर पाठवण्यात आले आणि पहिल्या १९ चेंडूंत त्याने केल्या अवघ्या आठ धावा. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना आठवत असेल की त्या वेळी या सौद्याची टर उडवणारांना उधाण आले होते. शेवटच्या तीन षटकांत ५१ धावा हव्या असताना शेल्डन कॉट्रेलच्या एकाच षटकात त्याने पाच षटकार ठोकले, ३१ चेंडूंत ५३ धावा केल्या आणि सामना फिरला. त्या एका षटकाने त्याला नाव मिळाले. मात्र त्या एका षटकाने सौदा फायद्याचा ठरला, असे मानणे हाही उतावळेपणाच होय. अधिक बोलका आकडा त्याच्या संपूर्ण हंगामाचा आहे. तळाच्या क्रमांकांवर येऊन २५५ धावा आणि शिवाय दहा बळी! ज्या संघाने सर्व काही गमावले होते, त्याच्या पदरात त्या वर्षी पडलेले हे मोजके दान होते. मार्कंडेला मात्र राजस्थानकडे फारशी संधीच लाभली नाही. म्हणजे दोन होतकरूंपैकी एक उगवला आणि एक बियाण्यातच राहिला. अशा सौद्यांत हेच प्रमाण बरे समजावे लागते.

खरी मेख पुढेच आहे. २०२२ च्या महालिलावापूर्वी प्रत्येक जुन्या संघाला चार खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती. राजस्थानने सॅमसन, बटलर आणि यशस्वी जयस्वाल असे तिघेच राखले आणि तेवतियाला मोकळे सोडले. २०२१ चा त्याचा हंगाम बेतासबात गेला होता, त्यामुळे त्या घटकेस हा निर्णय अगदीच अनाकलनीय होता असे नव्हे. नव्याने स्थापन झालेल्या गुजरात टायटन्सने त्याच्यासाठी नऊ कोटी रुपये मोजले. ८ एप्रिल २०२२ रोजी पंजाबविरुद्ध शेवटच्या दोन चेंडूंवर बारा धावा हव्या असताना त्याने दोन्ही चेंडू सीमापार भिरकावले. २९ मे रोजी गुजरातने त्या स्पर्धेचे विजेतेपद पटकावले, आणि अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ होता राजस्थान! आपला जुना कर्णधार देऊन जो मोहरा मिळवला, तो दोन वर्षांत हातचा घालवून त्यालाच प्रतिपक्षात उभा पाहण्याची पाळी राजस्थानवर आली. सौदा चुकला नव्हता. चूक झाली ती सौद्यानंतर.

असे असूनही राजस्थानचा या व्यवहारात निव्वळ तोटा झाला, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे कारण सौद्याच्या कागदावर कोठेच नमूद नव्हते. रहाणे गेल्याने सलामीची एक जागा मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१९ च्या लिलावात, राजस्थानने २ कोटी ४० लाख रुपये देऊन जयस्वाल या सतरा वर्षांच्या मुंबईकर मुलाला घेतले. ऑक्टोबरात विजय हजारे स्पर्धेत द्विशतक करून त्याने लक्ष वेधले होतेच. परंतु २०२० साली त्याला मिळाले तीन सामने आणि त्यांत त्याने केल्या चाळीस धावा. एखाद्या अधीर मालकाने तेथेच त्याच्या नावापुढे फुली मारली असती. राजस्थानने ती मारली नाही. २०२१ मध्ये २४९, २०२२ मध्ये २५८ आणि २०२३ मध्ये ६२५ धावा अशी ती चढण आहे. त्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध तेरा चेंडूंतील अर्धशतकही आले. चार वर्षे! होतकरू खेळाडूची किंमत नेमकी याच चलनात चुकवावी लागते, रुपयांत नव्हे. एकाच संघाने एका होतकरूच्या बाबतीत हे चलन खर्च केले आणि दुसऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेतला. निकाल आपल्यासमोर आहे.

या विषयाची चर्चा ज्या देशांत सर्वांत अधिक होते, ते कॅनडा आणि अमेरिका. तेथील हॉकी बर्फावरची, आपल्या मेजर ध्यानचंदांच्या हॉकीहून अगदी निराळी. पण खेळाडूंच्या अदलाबदलीचे शास्त्र त्या लोकांनी पराकोटीला नेले आहे. शाळा-महाविद्यालयांच्या वयातील खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क तेथे साधारणतः दुबळ्या संघास मिळतो आणि हा हक्कही हुंडीसारखा दुसऱ्यास देता-घेता येतो. वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळाचा अनभिषिक्त सम्राट. त्याच्या एडमंटन संघाने पाच वर्षांत चार वेळा स्टॅन्ली करंडक जिंकला होता. ९ ऑगस्ट १९८८ रोजी त्याच संघाने २७ वर्षांच्या ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसकडे धाडले. मोबदल्यात घेतले ते वीस वर्षांचा जिमी कार्सन, अठरा वर्षांचा मार्टिन जेलिना, पहिल्या फेरीतील निवडीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर. सरकारने हा सौदा रोखावा, अशी मागणी कॅनडाच्या एका संसदसदस्याने केली, यावरून लोकक्षोभाची कल्पना यावी. आणि घडले काय? १९९० साली करंडक एडमंटननेच जिंकला. लॉस एंजेलिसला ग्रेट्झ्कीसह एकदाच, १९९३ मध्ये, अंतिम फेरी गाठता आली आणि तीही मॉन्ट्रियलने जिंकली.

एवढ्यावरून ‘होतकरू घ्या, तारा द्या’ असे अनुमान काढणारा मनुष्य घाईत आहे. एडमंटनकडे मार्क मेसिएसारखे मुरलेले खेळाडू उरले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. ज्या कार्सनवर मोठी भिस्त होती तो तेथे रमलाच नाही. १९८९ च्या नोव्हेंबरात त्याला डेट्रॉइटला देऊन त्याच्या बदल्यात जी तरुण मंडळी आणली, त्यांतील ग्रेव्ह्ज आणि मर्फी यांनी जेलिनाच्या जोडीने १९९० च्या विजयात मोठा वाटा उचलला. निवडीच्या तीन हक्कांतून तर एडमंटनच्या हाती नाव घेण्याजोगे काही लागले नाही. सौद्याचा लाभ झाला तो सौद्याची दुरुस्ती वेळीच केल्यामुळे. दुसरे उदाहरण याहून कडू आहे. १९९२ साली क्युबेकने, आपल्याकडून खेळण्यास नकार देणाऱ्या एरिक लिंड्रॉसला फिलाडेल्फियास देऊन पीटर फोर्सबर्गसह अनेक खेळाडू, निवडीचे हक्क आणि रोकड मिळवली. हा सौदा आजही आदर्श म्हणून सांगितला जातो. परंतु १९९५ मध्ये तो संघच मालकांनी डेन्व्हरला विकला आणि १९९६ चा करंडक डेन्व्हरच्या रस्त्यांवरून मिरवला गेला. झाड क्युबेकच्या प्रेक्षकांनी जपले आणि सावली मिळाली दुसऱ्याच गावास.

आपल्याकडे तर होतकरूंवर विसंबणे अधिकच जोखमीचे आहे, कारण क्रिकेटची आपली व्यवस्थाच त्यांना वाढू देण्याच्या विरोधात आहे. इंडियन प्रीमियर लीगमध्ये दर तीन-चार वर्षांनी महालिलाव होतो. २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ च्या हंगामांपूर्वी तो झाला. त्या वेळी मोजके खेळाडू वगळता बाकीचा संघ पुन्हा बाजारात मांडावा लागतो. ज्या मुलाला पिकण्यास चार वर्षे लागणार, त्याला तिसऱ्या वर्षी सोडावे लागण्याची धास्ती असेल तर मालकाने खतपाणी का घालावे? मग नामवंत घ्यावा, यंदाचे यंदा पाहावे, ही वृत्ती बळावते. या नियमामुळे स्पर्धेत चुरस टिकते, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याची किंमत कोण देतो, हेही सांगितले पाहिजे.

कबड्डीत मात्र याहून आशादायक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी पुन्हा आपल्याच जिल्ह्याचा मुलगा आहे. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, पुणेरी पलटणकडे राहुल चौधरी, नितीन तोमर हे नामांकित चढाईपटू होते. पण संघ उभा राहिला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या कोवळ्या पोरांच्या खांद्यांवर. पुढील हंगामात हा संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला. त्यानंतर फझल अत्राचली या जगद्विख्यात बचावपटूस सोडून देण्यात आले, परंतु पोरांचा गाभा कायम ठेवला गेला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेतेपद मिळवले आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच ठरला. त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या एकट्यासाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये ओतले होते. २२ सामन्यांपैकी त्यांनी दोन जिंकले आणि तळ गाठला.

येथेही चित्र एकरंगी रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. विजयी पलटणमध्ये मोहम्मदरझा शादलुई हा इराणी खेळाडू २ कोटी ३५ लाख रुपये देऊन आणलेला होता आणि ९९ गुण मिळवून तो हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. विजयानंतर पलटणने त्याला जाऊ दिले. पुढच्याच हंगामात हरियाणाने त्याच्या जोरावर, पुण्याच्याच बालेवाडीत, करंडक उंचावला. अस्लमला दुखापतीने ग्रासले आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच पलटण, बहुतांशी आपल्या घडवलेल्या खेळाडूंनिशी, पुन्हा अंतिम सामन्यात उतरली आणि दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी हरली. पाच हंगामांत तीन अंतिम फेऱ्या. तारा येतो आणि जातो, तो असताना करंडक मिळतो; परंतु तो गेल्यावरही संघ उभा राहतो की नाही, हे गाभ्यावर अवलंबून असते.

राहता राहिला तो या सौद्यांत देवघेव होणारा माणूस. ‘होतकरू’ म्हणून दिलेला तेवतिया राजस्थानकडूनच २०१४ साली प्रथम खेळला होता आणि मग पंजाब, दिल्ली करीत परत त्याच दारी आला होता. मार्कंडेही पुढे मुंबईला परतला, तेथून हैदराबादला गेला. आणि ज्याला उतरणीला लागलेला समजून देऊन टाकले, त्या रहाणेने दिल्लीच्या बाकावरून उठल्यावर दोनच महिन्यांत, भारताचा डाव ॲडलेडला ३६ धावांत कोसळल्यानंतर, मेलबर्न येथे कर्णधार म्हणून ११२ धावा काढल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मालिका जिंकली. पुढे चेन्नईने त्याला अवघ्या पन्नास लाखांत घेतले. त्या २०२३ च्या हंगामात वानखेडेवर २७ चेंडूंत ६१ आणि कोलकात्यात २९ चेंडूंत नाबाद ७१ धावा फटकावणारा हाच तो ‘संथ’ फलंदाज होता, आणि त्या वर्षीचे विजेतेपद चेन्नईचे होते. त्याच्याकडून काय काढून घ्यावयाचे, हे तेथे कोणाला तरी ठाऊक होते.

भिंगारच्या मैदानावर बोलीस उभ्या राहणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांकडे पाहताना आम्हांस या सर्वांची आठवण होते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने एक नियम फार पूर्वी केला आहे. खेळाडूची विक्री झाली की त्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या संस्थांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटला जातो. आपल्याकडे क्रिकेटच्या सौद्यांत डोंबिवलीची शाळा, तालुक्याची कबड्डीची तालीम किंवा गावचा क्लब यांच्या नावे एक पैसाही पडत नाही. जेथे होतकरूंची अदलाबदल कोटींच्या हिशेबाने होते, तेथे त्यांना होतकरू करणारांचा हिस्सा ठरवून देण्यास मंडळाला आणि कबड्डीच्या संघटनेला अडचण कोणती? गावपातळीवर तर एवढे करण्यासाठी कोणत्याही संघटनेच्या परवानगीची गरज नाही. यंदाच्या बोलीत जो संघ आपला फटकेबाज देऊन तिघे पोरे घेईल, त्याने ती किमान तीन हंगाम ठेवावीत आणि त्यांच्या जुन्या क्लबला चेंडू-बॅटींपुरते तरी पैसे द्यावेत, अशी अट संयोजकांनी आपल्या पत्रकात छापावी.